धुळ्याचं वय कुठून मोजायचं?

धुळे, रविवार, २० जानेवारी २०१९

आज गच्चीवर भरीताचा बेत झाला. शेजारच्या चार घरांनी मिळून केला आणि निमित्त होतं गावाचं. इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्जने इथे सरकारी कचेऱ्या बांधायची मंजुरी मिळवली ती जानेवारी १८१९ मध्ये. म्हणजे नव्या धुळ्याला या महिन्यात दोनशे वर्षं झाली. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजता भाजता मी हे सांगत होतो, तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, मग त्याच्या आधी इथे काय होतं?"

गाव होतं. पांझरेचं पात्र आणि पाण्याचा पाट यांच्या मधोमध, भोवती बागायत. १८१९ ची मोजदाद आहे: ४०१ घरं, २,५०९ माणसं. ब्रिग्जने लांबून कारागीर आणवले. जो राहायला येईल त्याला घरासाठी जागा कायमची बिनभाड्याची, वर बांधकामाला उचल. व्यापाऱ्यांना बोलावून आणलं. आमच्या सरळ, ओळीने नंबर घातलेल्या गल्ल्या त्या नव्या वस्तीच्या. जुन्या धुळ्यात शिरलं की रस्ता वाटेल तसा वळतो. ब्रिग्जचं श्रेय मी नाकारत नाही. आखीव गावात वाढल्याचा मला अभिमानच आहे.

पण मला १८०३ सोडवत नाही. होळकरांच्या फौजांची लूट आणि त्यावर तो भयंकर दुष्काळ. धुळं ओस पडलं. सगळं गाव उठून गेलं. पुढच्याच वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी ते पुन्हा वसवलं. चुली विझलेल्या, घरांची छपरं बसलेली, आणि तरी कोणीतरी पहिलं बैलगाडं परत आणलं असेल. त्या माणसाचं नाव कोणत्याच कागदावर नाही. माझ्या हिशेबी गावाची जन्मतारीख ती.

मायला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मानसे उनात म्हनीसन गाव व्हयनं." माणसं आली म्हणून गाव झालं. खरंच, दोनशे वर्षं माणसं येतच राहिली. इतिहासाचार्य राजवाडे आले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी इथेच गेले. त्यांची दप्तरं आजही धुळ्यात आहेत. विनोबा १९३२ मध्ये कैदी म्हणून आले. तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. आज रविवारच होता, त्यामुळे हे सांगताना माझाच आवाज जरा जड झाला.

पाहुण्यासारखी नदीही येते. १८७२ च्या पुराने घरांची फार नासाडी केली होती. आता जानेवारीतली पांझरा पुलावरून बघवत नाही. जिच्या पाटावर गाव पोसलं तिच्यात आपण सांडपाणी सोडतो. दोनशे वर्षांच्या नावाने एकच गोष्ट मागायची असेल, तर मी पांझरेचं पाणी मागेन.

सगळे खाली गेल्यावर भाच्याने कठड्यापाशी उभं राहून दिवे लागलेली घरं मोजायला घेतली. ४०१ पर्यंत मोजायचं म्हणाला. नदीपर्यंत नजर पोचायच्या आतच त्याचा आकडा संपला.

येत्या रविवारी त्याला जुन्या धुळ्यात नेतो.