मशीन कोणाला विचारून बंद केलं?

इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मी क्यूएमध्ये, म्हणजे मालाच्या गुणवत्तेवर नजर ठेवणाऱ्या विभागात आहे. क्यूए आणि प्रॉडक्शनचं सख्य कसं असतं, हे फार्मावाल्यांना सांगायला नको. ते आम्हाला पोलीस म्हणतात, आम्ही त्यांच्या बॅच रेकॉर्डवर शेरे मारत बसतो. कँटीनमध्येही टेबलं वेगळी.

जुलैतली सकाळ. इंदूरहून बस पोचली तर कॉम्प्रेशनचं, म्हणजे पावडर दाबून गोळ्या बनवणारं मशीन बंद. रात्रपाळीच्या ऑपरेटरने पहाटे आपणहून थांबवलेलं, आणि डिस्पॅच तोंडावर. "कोणाला विचारून बंद केलं?" हा मॅनेजरसाहेबांचा आवाज मला कॉरिडॉरमध्येच ऐकू आला.

ऑपरेटर आमच्या रामबागेतलाच. मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपवणारा, पक्का इंदुरी. पण तेव्हा खाली मान घालून गप्प. लॉगबुकात इंग्रजीत दोनच शब्द, 'मशीन स्टॉप'. इंग्रजीत लिहायचं म्हटलं की तो तेवढ्यावरच भागवतो.

"का थांबवलंस ते राहू दे, काय दिसलं ते दाखव," मी म्हटलं.

त्याने एक गोळी उजेडात तिरपी धरली. गोळीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. त्यातल्या 'ओ'च्या पोटातला उंचवटाच गायब! पावडर पंचला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या ठशाला, चिकटून निघून आली होती. 500 मिलिग्रॅमची गोळी. 20 गोळ्यांच्या सरासरी वजनापासून 5 टक्के इकडेतिकडे चालतं, त्यात ती आरामात बसत होती. कागदावर सगळं ठीक. बाहेर धो धो पाऊस आणि हवेतला ओलावा काढून पावडर चिकटू न देणारा डीह्युमिडिफायर मध्यरात्रीपासून रडतखडत चाललेला. मेंटेनन्सला त्याने फोनही केला होता. "सकाळी बघू" म्हणाले.

"सुपरवायझरला का नाही उठवलंस?"

"ताई, मागच्या बारी सांगितलं तर सगळ्यांसमोर झाप पडली. म्हटलं, बोलून ऐकून घेण्यापेक्षा बंदच करून टाकू."

टोयोटात कामगार दोरी ओढून लाइन थांबवू शकतो, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये दरवर्षी दाखवतात. दोरी ओढल्यावर टीम लीडर धावत येतो तो मदतीला, हे मात्र कोणी ठासून सांगत नाही.

गोळ्या भिंगासकट मीटिंगमध्ये नेल्या. मॅनेजर वाईट माणूस नाही. डिस्पॅचचे फोन त्यांनाच येतात. बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले. मग ऑपरेटरला आत बोलावून सगळ्यांदेखत म्हणाले, "पहाटे तुला जे दिसलं, ते मला आत्ता भिंगातूनही पटकन दिसलं नाही." शाब्बास वगैरे काही नाही. पण 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी'च्या फोटोंपेक्षा मला हे वाक्य मोलाचं वाटतं, कारण त्यात त्याने नेमकं काय केलं ते होतं.

तोवरचा माल बेल्टवर छाटावा लागला, पंच साफ झाले, डेव्हिएशन, म्हणजे काय बिघडलं त्याची रीतसर नोंद, लिहिलं गेलं. आणि ठरलं की पाळी बदलताना जाणारा आणि येणारा ऑपरेटर मशीनपाशी उभं राहून, हिंदीत, दहा मिनिटं बोलतील. शेजारी क्यूएचं माणूस असेल, पण फक्त ऐकायला. पहिले काही दिवस सगळे "सब ठीक है" म्हणून मोकळे व्हायचे. मग मॅनेजरच विचारू लागले, "आवाज कसा होता? हवा कशी होती?"

आमची भांडणं संपलीत असं नाही. परवाच एका सहीवरून जुंपली. ऑपरेटर मात्र आता असा बोलत सुटतो की बस निघायची वेळ होते. साहेब घड्याळ दाखवतात, तर हा म्हणतो, "बस साहेब, एकच अजून."