बारा आकड्यांसाठी तीन फेऱ्या

प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास होऊन सात वर्षं झाली, तासिका तत्त्वावर कॉमर्स शिकवतोय. तास झाला तर पैसे. 2024 च्या जूनमध्ये नवं शैक्षणिक धोरण आमच्या कॉलेजपर्यंत पोचलं आणि प्राचार्यांनी 40 मुलांची यादी माझ्या हातात ठेवली. "सर, तुमचं मुलांशी जमतं. तुम्ही मेंटॉर."

मेजर, मायनर, ओई, एसईसी, आयकेएस हे विषयांचे नवे गट समजावण्यात आठवडा गेला. त्याची तक्रार नाही. घोडं अडलं एबीसी आयडीपाशी.

एबीसी म्हणजे क्रेडिटची बँक, पास झालेल्या विषयांचे श्रेयांक तिथे मुलाच्या नावावर जमा होतात. डिजिलॉकरमधून बारा आकडी नंबर निघतो आणि परीक्षेच्या फॉर्मात आम्हाला तो हवाच होता. 39 जणांचे निघाले. राहिली एक मुलगी. तिच्या आधारला जोडलेला मोबाईल वडिलांचा, आणि वडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कर्नाटकात. आमच्या बीड जिल्ह्यात हे घरोघरचं. ओटीपी जायचा त्यांच्या फोनवर, फोन कोपीत म्हणजे झोपडीत, माणूस उसाच्या फडात. संध्याकाळी फोन यायचा, "सर, मेसेज आलाय, इंग्लिशमधी हाय." तोवर मुदत संपलेली. एकदा वेळेत सापडले, तर चार आकडे सांगून रेंज गेली.

मग आधारला तिचाच नंबर जोडायचं ठरलं. त्याला कागद एकही लागत नाही. तेव्हा स्वतः जायचं, बोटांचे ठसे द्यायचे, 50 रुपये भरायचे, एवढंच होतं. हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या खेपेला तिच्याकडून रेशनकार्डापासून रहिवासी दाखल्यापर्यंत सगळं गोळा करून घेतलं. केंद्रावर मशीनच बंद. दुसऱ्या खेपेला टोकन संपलेली. टोकन सकाळी आठला वाटतात आणि तिच्या वस्तीवरून पहिली एसटी येते साडेनऊला! दारावर तशी पाटी लावायला काय जातं? विचारलं, तर "सगळ्यांना माहिती असतंय."

तिसऱ्या दिवशी साडेसातला मीच रांगेत जाऊन उभा राहिलो. ती मावशीला घेऊन मागून आली.

"तुम्ही कोण हिचे?"

"मास्तर."

ठसे उमटेनात. दिवाळीपासून कापूस वेचून बोटांची टोकं घासलेली. ऑपरेटरने काच बाहीने पुसली, तिला बोटं केसांतून फिरवायला लावली. पाचव्यांदा जमलं, तेव्हा मावशीने मशीनलाच हात जोडले.

नवव्या दिवशी नंबर जोडला गेला. फॉर्मची मुदत संपायला दोन दिवस होते. त्या नऊ दिवसांत मी स्टाफरूममध्ये कुणाशी धड बोललो नसेन.

हां, एक राहिलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलून मिळतं. स्पेलिंग दुरुस्त करायला जाताना दहावीची गुणपत्रिका समोर ठेवा, अंदाजाने सांगू नका. आणि मेंटॉर असाल तर पहिल्या दिवशी टक्के विचारू नका, आधारचा फोन कुणाच्या खिशात आहे ते विचारा. मी आता यादीत त्यासाठी वेगळा रकानाच आखलाय.

आयडी निघाला त्या दिवशी तिने विचारलं, "सर, पुढल्या साली मलाबी ऊसाला जावं लागलं तर?"

म्हटलं, क्रेडिट बँकेत सात वर्षं राहतात.

तिने वहीच्या मागच्या पानावर बारा आकडे उतरवले. खाली लिहिलं, 2031.