टी४२ : सी ड्राइव्ह चुकीच्या रांगेत

सापडलं! माझ्या टी४२ वर, म्हणजे आयबीएमच्या जुन्या थिंकपॅड लॅपटॉपवर, विंडोजची पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाईल) का बनत नाही, ते काल रात्री पावणेबाराला सापडलं, आणि तेही माझ्या नाही, बाबांच्या नजरेला पडलं.

मागच्या वेळी कुठवर आलो होतो ते आधी सांगतो. टी४२ मधली कुरकुरणारी हार्ड डिस्क काढली, ४४ पिनच्या अडॅप्टरवर ३२ जीबीचं सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) मेमरी कार्ड डिस्कच्या जागी बसवलं, विंडोज एक्सपी एसपी३ घातली. मशीन एवढं शांत झालं की पंख्याशिवाय काही ऐकू येईना. पण तेव्हापासून दर लॉगिनला तीच खिडकी: सिस्टमला पेजिंग फाईल नाही किंवा ती फार छोटी आहे. ओके दाबायचं, समोर येईल ते बंद करायचं आणि कामाला लागायचं. एक जीबी रॅम असल्यामुळे किरकोळ कामाला काही अडत नव्हतं.

मात्र हे मशीन मी किरकोळ कामासाठी उभं केलेलं नाही. नौपाड्यातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानाच्या दीडशेएक सीड्या कपाटात पडून आहेत. पेजमेकर ७, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, आणि त्या फॉन्टचं लॉक (ज्याच्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत ते छोटं यंत्र) जुन्या प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर लागणारं. टी४२ ला पॅरलल पोर्ट आहे, म्हणून तर तो निवडला. पण ११२ पानांची एक स्मरणिका उघडून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची फाईल) काढायला गेलो की चाळिसाव्या पानाच्या आसपास मेमरी संपायची. एकदा तर निळा स्क्रीनच आला. मिनिडंप, म्हणजे क्रॅशची नोंद, बघावा म्हटलं तर फोल्डर रिकामा. रिकामाच असणार! क्रॅशच्या वेळी विंडोज डंप आधी बूट ड्राइव्हवरच्या पेजफाईलमध्ये लिहिते आणि पुढच्या बूटला तिथून उचलते. इथे फाईलच नव्हती.

मग सुरू झाला तीन रविवारांचा शोध. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबरने पुसल्या (ठाण्याच्या पावसाळ्यात हे आधी करावंच), रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, एकही एरर नाही. परवानग्यांवर माझा जास्त संशय होता, कारण सी च्या रूटवर ‘सिस्टम’ या खात्याला फुल कंट्रोल नसेल तरी पेजफाईल बनत नाही. सिंपल फाईल शेअरिंग बंद करून सिक्युरिटीचा टॅब उघडला, तर ‘सिस्टम’ तिथे पूर्ण हक्काने बसलेला. पेजफाईलच्या डायलॉगमधून दाद लागेना, म्हणून रजिस्ट्रीत सेशन मॅनेजरखाली मेमरी मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘पेजिंगफाईल्स’ची नोंद हाताने केली, सुरुवातीचा आकडा ७६८ आणि कमालही ७६८. रीस्टार्ट केलं, पुन्हा तीच खिडकी. रजिस्ट्रीतली नोंद जशीच्या तशी, आणि फाईल मात्र नाही. शेवटी एक्सपी पुन्हा घातली. त्यानेही काही झालं नाही.

काल बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांना सीडी नंबर १४ मधलं एक पान बघायचं होतं. मी माय कॉम्प्युटर उघडलं, आणि ते म्हणाले, “अरे, सी खाली का गेलाय?”

“खाली म्हणजे, बाबा?”

“दुकानात सी कायम वर असायचा, हार्ड डिस्कच्या रांगेत. तू तो फ्लॉपीच्या रांगेत ठेवलायस.”

मी बघतच राहिलो. हार्ड डिस्क ड्राइव्हज हा मथळाच स्क्रीनवर नव्हता. सी होता काढता येण्याजोग्या डिव्हाइसेसच्या मथळ्याखाली. महिनाभर रोज ती खिडकी उघडत होतो आणि एकदाही तिकडे लक्ष गेलं नव्हतं. ज्याने पंचवीस वर्षं पानांवरचे मथळे लावले, त्याला ते एका क्षणात दिसलं.

पुढचा उलगडा सोपा होता. बरीचशी सीएफ कार्डं स्वतःची ओळख ‘रिमूव्हेबल’, म्हणजे काढता येण्याजोगी, अशी देतात. पेजफाईल बनवण्याचं काम सेशन मॅनेजर, म्हणजे एसएमएसएस, लॉगिनच्या आधी करतो, आणि तो योग्य ड्राइव्हची यादी करताना रिमूव्हेबल ड्राइव्ह सरळ गाळतो. ज्या कार्डवरून विंडोज चालू झाली, तेच त्याच्या यादीत नाही. रजिस्ट्रीत काहीही लिहा, उपयोग शून्य.

इलाज तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल: हिताचीच्या मायक्रोड्राइव्हसाठीचा (सीएफच्या आकाराची छोटी हार्ड डिस्क) फिल्टर ड्रायव्हर, सीएफएडिस्क. तो मध्ये बसतो आणि कार्ड फिक्स्ड डिस्क असल्याचं विंडोजला सांगतो. त्याच्या आयएनएफ फाईलमध्ये (ड्रायव्हर बसवण्याच्या सूचनांची फाईल) आपल्या कार्डचा डिव्हाइस इन्स्टन्स आयडी घालावा लागतो, शेवटच्या बॅकस्लॅशनंतरचा तुकडा तोडून. इथे माझा पाऊण तास गेला. त्या आयडीत कार्डच्या नावानंतर अंडरस्कोअरची भलीमोठी रांग असते, मी ती मोजून मोजून टाइप केली आणि एक कमी पडला. ड्रायव्हर घ्यायलाच तयार नाही. डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या ओळीवर कंट्रोल सी चालतं, हे नंतर कळलं. हाताने टाइप करू नका.

सही नसलेल्या ड्रायव्हरचा इशारा आला, तरी पुढे गेलो. रीस्टार्ट. लॉगिन. खिडकी नाही! माय कॉम्प्युटरमध्ये सी वरच्या रांगेत. मग कमांड प्रॉम्प्टवर लपलेल्या फायलींसकट यादी काढली आणि त्यात ती ओळ दिसली: पेजफाईल डॉट सिस, ८०५,३०६,३६८ बाइट्स. बरोबर ७६८ एमबी. मी तो आकडा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला.

आता कार्डाबद्दल. विकणाऱ्याने ऑनलाइन जाहिरातीत ‘फिक्स्ड डिस्क मोड’ स्पष्ट लिहिलं होतं, ते खोटं निघालं, आणि परत घ्यायला नकार मिळाला. अडॅप्टरचं मात्र समाधान आहे. पहिला स्वस्तातला अडॅप्टर डीएमएच्या (डेटा वेगाने नेणाऱ्या पद्धतीच्या) तारा न जोडलेला होता, त्याच्यावर सगळं पीआयओ या जुन्या, संथ पद्धतीत रखडायचं. दुसरा लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या दुकानात मिळाला. तिथल्या काकांनी काउंटरवरच भिंगाखाली पट्टीवरच्या दोन रेघा दाखवल्या आणि म्हणाले, “या असतील तरच घे.” त्यासाठी ठाण्याहून ग्रँट रोडपर्यंतचा लोकलचा प्रवास पुन्हा आनंदाने करेन.

पुढचा बेत असा होता की पेजफाईल कार्डावर नको, सतत लिहून कार्ड झिजेल, तेव्हा अल्ट्राबेमध्ये (लॅपटॉपच्या बाजूचा, सीडी ड्राइव्ह काढून दुसरं काही लावता येणारा कप्पा) दुसरी डिस्क लावून तिथे हलवावी. पण हे लिहितानाच लक्षात आलं की सीड्या वाचायला बेमध्ये सीडी ड्राइव्हच लागणार. ज्या दिवशी डिस्क काढून ड्राइव्ह लावून बूट करीन, त्या दिवशी पुन्हा हीच एरर. तो बेत रद्द. त्यापेक्षा एमसाटा (छोट्या पट्टीसारखी) एसएसडी आणि ४४ पिनचा अडॅप्टर घ्यावा: एसएसडी फिक्स्डच दिसते, फिल्टरची गरज नाही. एक्सपीला ट्रिम (रिकामी झालेली जागा एसएसडीला कळवणं) येत नाही आणि ती पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून टाकते, त्यामुळे पार्टिशन आधी दुसऱ्या मशीनवर नीट आखून घ्यायचं. तोवर हे कार्ड पुरेल. त्याची इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, आज रात्रीच काढून ठेवतो.

शेजारी टी४२ वर स्मरणिका चालू आहे, पान ७३. चाळिसावं पान कधी गेलं ते कळलंही नाही. बाबा खुर्ची ओढून बसलेत, चष्मा कपाळावर. “त्या मिठाईवाल्याच्या जाहिरातीत ‘दुसर्‍या’मधला र्‍य फुटलाय,” ते म्हणतायत, “तो फॉन्ट सीडी नंबर ९ वर असेल, काढ.”