पेशी चिकटतात की नाही, एवढंच बघायचं होतं

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं, त्यातही ऑप्टिक्सचं. लेझर आणि लेन्सा जुळवण्यात पीएचडी संपली. मग मलेरियावर काम करणाऱ्या एका गटाला मायक्रोस्कोप बांधू शकेल असं माणूस हवं होतं, म्हणून मी तिकडे गेले. काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं: लागण झालेल्या तांबड्या पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला कशा चिकटतात, ते वाहत्या द्रवात मोजायचं.

हे मोजायचं कशासाठी, ते मला तिथे गेल्यावर कळलं. मलेरियाचा फाल्सिपारम जातीचा परजीवी तांबड्या पेशीत सुमारे ४८ तासांचं एक चक्र पुरं करतो. पहिल्या अर्ध्यात पेशी रक्ताबरोबर फिरत असते. पुढच्या अर्ध्यात तिच्या अंगावर बारीक उंचवटे येतात, त्यांवर पीएफईएमपी-१ हे प्रथिन असतं, आणि त्याच्या आधाराने ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला धरून बसते. असं बसलं की प्लीहेत जाऊन गाळलं जाणं टळतं. म्हणून बोटातून काढलेल्या रक्ताच्या स्लाइडवर बहुतेक वेळा अंगठीच्या आकाराचे कोवळे परजीवीच दिसतात. जून झालेले त्या वेळी मेंदूतल्या, आतड्यातल्या बारीक वाहिन्यांत अडकलेले असतात. केशवाहिनी ५ ते १० मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) रुंद, तांबडी पेशी ७-८ मायक्रॉन. वाट अडायला फार पेशी लागत नाहीत.

आमची ‘रक्तवाहिनी’ म्हणजे काचेवर बसवलेला १०० मायक्रॉन उंचीचा चपटा चॅनेल. तळाला प्रथिनाचा लेप, एका टोकाला सिरिंज पंप, खाली मायक्रोस्कोप. पेशी कुठल्या आणि परजीवी कुठल्या पेशीत, हे रंग न घालता ओळखायचं होतं. इथे माझं शिक्षण कामाला आलं. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश प्रचंड शोषतं, त्यामुळे जांभळ्या एलईडीखाली प्रत्येक तांबडी पेशी काळीभोर दिसते. परजीवी हिमोग्लोबिन खातो आणि उरलेल्या हीमचे, म्हणजे त्यातल्या लोह असलेल्या भागाचे, स्फटिक करून ठेवतो, ते हिमोझोइन. लाल प्रकाशात हिमोग्लोबिन जवळजवळ पारदर्शक होतं, पण हिमोझोइन तोही थोडाफार शोषतं. दोन्ही एलईडी आळीपाळीने लावले की एका फ्रेममध्ये सगळ्या पेशी आणि पुढच्या फ्रेममध्ये नुसते परजीवींचे ठिपके. १८८० मध्ये अल्जेरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरां यांना न रंगवलेल्या ताज्या रक्तात परजीवी दिसला, तोही या काळ्या कणांचा माग काढतानाच. त्यांच्याकडे एलईडी नव्हते, चिकाटी होती.

मायक्रोस्कोप लवकर उभा राहिला. पुढचं सगळं रखडलं, कारण पेशी चिकटेचनात. प्रवाह सुरू केला की सगळ्या सरळ वाहून जायच्या.

आधी मी प्रवाहाकडे बघितलं. आम्हाला भिंतीवर ०.०५ पास्कल इतका घर्षणताण, म्हणजे वाहत्या द्रवाची भिंतीलगतची ओढ, हवा होता. केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक शिरांसाठी असल्या प्रयोगांत साधारण हाच आकडा धरतात. तो प्रवाहाच्या वेगावर, चॅनेलच्या उंचीवर आणि द्रवाच्या चिकटपणावर ठरतो. पाण्याचा चिकटपणा ३७ अंशांना ०.६९ मिलिपास्कल-सेकंद असतो, २० अंशांना १.०. म्हणजे गरम पेटी नीट तापण्याआधी प्रयोग सुरू केला तर पंपाचा आकडा तोच राहून ताण चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. पेटी आदल्या रात्रीपासून चालू ठेवायला लागलो. पेशी तरीही वाहूनच जात होत्या.

कल्चर, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेले परजीवी, सांभाळणाऱ्या बाई खूप अनुभवी. रोज माध्यम बदलणं, रोज काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून त्याला गिम्सा हा रंग लावणं, हे त्या कित्येक वर्षं करत होत्या. त्यांनी माझ्या एलईडीत काडीचाही रस दाखवला नाही. एवढंच विचारलं, “हे कल्चर शेवटचं निवडलं कधी होतं?” मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. फ्लास्कमध्ये ना प्लीहा असते ना वाहतं रक्त. चिकटल्यावाचून परजीवीचं काही अडत नाही, त्यामुळे बरेच दिवस फ्लास्कमध्ये वाढला की उंचवटे नसलेलेच वाढत जातात. उपाय साधा आहे. पेशी कोमट जिलेटिनच्या द्रावणात ठेवायच्या. उंचवटे असलेल्या जून पेशी वर तरंगत राहतात, बाकीच्या तळाशी बसतात. वरचा थर अलगद काढून घ्यायचा आणि तोच पुढे वाढवायचा.

त्यानंतर माझं वेळापत्रक परजीवीच्या हाती गेलं. सगळे एकाच वयाचे हवेत म्हणून साखरेसारख्या सॉर्बिटॉलचं ५ टक्के द्रावण घालायचं. जून परजीवींच्या पेशी फुटतात, कोवळे उरतात. ते चिकटण्याच्या वयाचे होईपर्यंत दुसरा दिवस कलतो, मग रविवार असो की सण.

निवडलेल्या पेशी पहिल्यांदा सोडल्या तेव्हा तळाला आयसीएएम-१ या रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या प्रथिनाचा लेप होता. पेशी वेगाने आल्या, भिंतीला लागल्या आणि चक्क गडगडत पुढे सरकू लागल्या. दर फेरीला आतला हिमोझोइनचा ठिपका वर-खाली होताना दिसत होता. ठिपक्याच्या त्या हेलकाव्यावरून गडगडण्याचा वेग थेट मोजता येतो, हे तेव्हाच सुचलं, आणि शोधनिबंधातली सगळ्यात बरी आकृती त्यातूनच झाली. सीडी-३६ या दुसऱ्या प्रथिनाच्या लेपावर चित्र वेगळं: पेशी आली की जागच्या जागी थांबली. हा फरक आधीपासून माहीत असलेला आहे, पण स्वतःच्या पडद्यावर बघताना मी बराच वेळ नोंदी करायचं विसरले.

रक्तवाहिन्यांवर काम करणाऱ्या सहकाऱ्याचं मात्र समाधान होईना. “लेप म्हणजे रक्तवाहिनी नव्हे,” असं तो म्हणायचा, आणि ते खरंच आहे. त्याने चॅनेलमध्ये नाळेच्या शिरेतल्या अस्तराच्या पेशी वाढवल्या. त्यांच्यावर सीडी-३६ नसतं, आणि आयसीएएम-१ वाढवायला टीएनएफ हे दाह चेतवणारं प्रथिन घालून काही तास थांबावं लागतं. जिवंत अस्तरामुळे माझा प्रकाश विखुरला, लाल फ्रेममधले ठिपके फिके पडले. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेची प्रकाशकंपनं पुढे सोडणारे फिल्टर, आडवे-उभे लावून ते परत मिळवले, कारण हिमोझोइनचे स्फटिक ध्रुवीकरणाची दिशा बदलतात आणि काळ्या पार्श्वभूमीवर चमकतात.

निबंध पाठवल्यावर परीक्षकांनी नेमकं विचारलं: तुमच्या द्रवात तांबड्या पेशी १ टक्का, खऱ्या रक्तात चाळीसच्या वर, मग काय? प्रश्न रास्त आहे. पण तेवढ्या दाट रक्तात जांभळा प्रकाश काही मायक्रॉनमध्येच शोषला जातो, १०० मायक्रॉनच्या चॅनेलमधून पलीकडे काहीच येत नाही. सहकाऱ्याचं म्हणणं, उंची ३० मायक्रॉनवर आणा, ती खऱ्या शिरेच्या जवळही जाईल. जांभळ्याला तीही जास्तच; पण लाल आणि पोलरायझरवर काम भागेल. अडचण अशी की तोच ताण ठेवायचा तर प्रवाह अकरापट कमी करावा लागतो, आणि त्या वेगाला सिरिंज पंपाची मोटर एकेक पाऊल टाकत चालते, द्रव धक्क्याधक्क्याने जातो. सध्या पंप बाजूला ठेवलाय आणि उंचावर टांगलेल्या बाटलीच्या दाबावर रक्त सोडून बघतोय.