तुम्ही विचारलंत म्हणून: बारा मीटरचा खांब आणि दोन किलोमीटरची लहर

मी हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनात, लो फ्रिक्वेन्सीवर (म्हणजे अगदी लांब लहरींवर) खुडबुड करतो हे कळलं की समोरचा स्वतः हॅम असो नाहीतर नुसताच उत्सुक, प्रश्न हमखास एकच येतो, "अहो पण एवढी मोठी अँटेना लावता कुठे?" आणि प्रश्न रास्तच आहे, कारण आपल्या सगळ्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं की अँटेना अर्ध्या लहरीची, नाहीच जमलं तर पाव लहरीची पाहिजे. आता १३७ किलोहर्ट्झची लहर जवळजवळ २.२ किलोमीटर लांब आहे, म्हणजे पाव लहर झाली साडेपाचशे मीटर, तीही सरळ उभी. माझा खांब १२ मीटरचा आहे.

खांबाच्या टोकापासून ३० मीटरची एक वायर आडवी जाते, म्हणजे उलटा एल. झाली अँटेना. हे ऐकल्यावर लोकांचा चेहरा पडतो, काहीतरी गुपित लपवतोय असं वाटतं बहुतेक. गुपित काही नाही, लपवण्यासारखं तर अजिबातच नाही, उलट लाज वाटावी असे आकडे आहेत, तेच सांगतो.

आधी बँड कुठले ते पटकन. वरचा १६० मीटर, म्हणजे १.८ मेगाहर्ट्झपासून, हा जुनाच, त्याला टॉप बँड म्हणतात. त्याच्या खाली ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ, हा ६३० मीटरचा, हॅम लोकांना २०१२ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मिळाला. आणि १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ, २२०० मीटर, हा २००७ च्या परिषदेत. गंमत बघा, १९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर ढकललं होतं कारण तेव्हा समज असा की लांबचं काम फक्त लांब लहरीच करतात, आखूड घ्या आणि खेळत बसा. पुढे त्या आखूड लहरींनीच पृथ्वीला प्रदक्षिणा घातल्या आणि मोठी लोकं तिकडे धावली, आणि आम्ही शंभरेक वर्षांनी उलट्या वाटेने खाली आलो. खाली आल्यावर कळलं की पूर्वीच्या लोकांनी एवढे मोठे मनोरे का उभारले होते. स्वीडनमध्ये ग्रिमेटनला १९२० च्या दशकातलं एक स्टेशन अजून जिवंत ठेवलंय, १७.२ किलोहर्ट्झचं, तिथे १२७ मीटर उंचीचे सहा मनोरे आहेत. आणि ते सहा मनोरेसुद्धा त्या लहरीपुढे बुटकेच आहेत बरं का, कारण तिथली लहर १७ किलोमीटरहून लांब आहे. म्हणजे आखूड अँटेनेचं दुखणं फक्त आपलं नाही, सगळ्यांचंच आहे.

तर आकडे. अँटेना आखूड झाली की तिचा रेडिएशन रेझिस्टन्स पडतो, आणि पडतो म्हणजे उंची निम्मी केली की पाव होतो, असा. माझ्या १२ मीटरच्या खांबाला १३७ किलोहर्ट्झवर तो येतो ०.०३ ते ०.०४ ओहमच्या दरम्यान. ही म्हणजे हवेत जाणारी पॉवर जिथे खर्च होते ती जागा. आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये बसलेली जमीन, कॉइल, आजूबाजूची झाडं, भिंती यांचा तोटा आहे अंदाजे ८० ओहम. भागाकार करा. शंभर वॅट घातले की हवेत जातात चाळीसेक मिलिवॅट, बाकीचे ९९ वॅट आणि वर काहीतरी हे गांडुळांना ऊब द्यायला. या बँडवर मर्यादा १ वॅट ईआयआरपीची आहे (ही अँटेना जिकडे जास्त फेकते तिकडचा हिशेब धरून मोजलेली पॉवर, माझ्या अँटेनेला हवेत जाणाऱ्या पॉवरच्या साधारण तिप्पट), म्हणजे कागदावर एखाद्या खेळण्यातल्या टॉर्चएवढी, पण माझ्या अँटेनेतून तो १ वॅट काढायचा तर ट्रान्समीटर सात-आठशे वॅटचा लागतो. तेच ४७५ किलोहर्ट्झवर याच वायरला रेडिएशन रेझिस्टन्स ०.४ ओहम होतो, तोटाही कमी होऊन तीसेक ओहमवर येतो, आणि २५ वॅटमध्ये काम भागतं. म्हणून नवीन कोणी विचारलं तर मी आधी ६३० मीटरच सांगतो. २२०० हा मग ज्याची हौस फिटत नाही त्याने करावा.

आता लोकांना वाटतं अँटेना आखूड आहे हीच अडचण. माझी पहिली दोन वर्षं याच समजुतीत गेली, खांब आणखी दोन मीटर उंच कसा करू याचाच विचार डोक्यात. उंची वाढवून फायदा होतो, नाही असं नाही, पण माझ्यासारख्याला १२ चे १४ करायला जेवढा खटाटोप पडतो तेवढ्यात ८० ओहमचे ५० करता येतात. आखूड वायरसुद्धा मिळालेला करंट इमानदारीने हवेत पाठवते, प्रश्न एवढाच असतो की तिच्यापर्यंत करंट किती पोचतो आणि वाटेत कोण खातं. म्हणून माझ्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, एसडब्ल्यूआर मीटरपेक्षा (तो अँटेनेकडून किती पॉवर परत येते ते सांगतो, १:१ म्हणजे काहीच नाही) अँटेना करंटच्या मीटरला मान जास्त. एसडब्ल्यूआर १:१ दाखवतंय म्हणून खूश होणाऱ्यांनी डमी लोड, म्हणजे पॉवर नुसती उष्णतेत घालवणारा रेझिस्टर, जोडून बघावं, तिथेही १:१ च येतो. फेराइटच्या एका रिंगवर थोडे वेढे, डायोड, एक जुना मीटर, एवढ्यात आरएफ, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सीचा, करंट मोजता येतो, आणि मग तीच पॉवर ठेवून काहीही बदल केला की काटा वर गेला का खाली हे दिसतं, वादच संपतो.

तर तो काटा बघत मी ग्राउंडच्या, म्हणजे जमिनीशी केलेल्या जोडणीच्या, मागे लागलो. आधी जमिनीत ठोकलेली एकच सळई होती. दुसरी ठोकली, काटा हलला. चौथी ठोकली, बऱ्यापैकी हलला. मग जमिनीवर वायरी पसरल्या, पाच-सहा झाल्या तोवर मजा येत होती, दहानंतर मात्र काटा जागचा हलेना. ब्रॉडकास्ट स्टेशनवाले १२० रेडियल, म्हणजे मनोऱ्याभोवती चहूबाजूंना जाणाऱ्या वायरी, जमिनीत गाडतात हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण त्यांचा मनोरा पाव लहरीच्या जवळपास असतो आणि वायरीही तेवढ्याच लांब. आपल्या वीस-पंचवीस मीटरच्या वायरी २.२ किलोमीटरच्या लहरीला म्हणजे पायपुसणं. शिवाय या फ्रिक्वेन्सीला करंट साधारण मातीत वीसेक मीटर खोल शिरतो, तेवढं खोल आपण काही खणत नाही. त्यामुळे एका मर्यादेनंतर ग्राउंड सोडून वरच्या वायरीकडे बघायचं. आडवी वायर लांब केली, किंवा एकाऐवजी दोन समांतर टाकल्या, की अँटेनेची कपॅसिटी वाढते, व्होल्टेज उतरतं, कॉइल लहान होते, म्हणजे कॉइलचा तोटा पण कमी. आणि झाडापासून लांब ठेवा हो. माझी वायर एका फांदीला खेटून जायची, ती दोन मीटर बाजूला सरकवल्यावर जेवढा फरक पडला तेवढा मागच्या चार सळयांनी पण पाडला नव्हता.

कॉइलबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण बघायला आलेला प्रत्येक माणूस अँटेना सोडून तिचेच फोटो काढतो. माझी अँटेना म्हणजे जेमतेम २२० पिकोफॅरडचा कपॅसिटर, तिला १३७ वर रेझोनन्सला, म्हणजे सुरात, आणायला ६ मिलीहेन्री लागतात, म्हणजे पाव मीटर व्यासाच्या नळीवर दोनशेहून जास्त वेढे. हिशेब केला तर कॉइलमध्ये १७० मीटर वायर आहे आणि अँटेनेत ४२. मुख्य अँटेना कुठली म्हणायची ते तुम्हीच ठरवा. बारीक ट्यूनिंगसाठी आत दुसरी लहान कॉइल फिरते, तो व्हेरिओमीटर. तो नसेल तर जगणं कठीण, कारण वाऱ्याने वायर हलली, पाऊस पडला, दव पडलं की रेझोनन्स सरकतो, आणि गंमत म्हणजे तुम्ही तोटा जितका कमी कराल तितकी बँडविड्थ अरुंद होते आणि हा त्रास वाढतो. म्हणजे चांगलं काम केल्याची शिक्षा.

आणि व्होल्टेज. शंभर वॅटलाच कॉइलच्या वरच्या टोकाला सहा हजार व्होल्टच्या आसपास होतात, सातशे वॅटला पंधरा हजार. माझी पहिली कॉइल घरातल्या एका प्लॅस्टिकच्या बादलीवर गुंडाळली होती, दमट संध्याकाळी की-डाऊन केलं, म्हणजे ट्रान्समिट सुरू केलं, आणि बाहेरून फ्राय केल्यासारखा आवाज यायला लागला, जाऊन बघतो तर वरच्या वेढ्यापासून खालपर्यंत जांभळट रेघ आणि बादलीला काळं भोक. त्यानंतर कॉइल झाकणाच्या डब्यात, आसपास कुंपण, आणि मी घरात एकटा असताना फुल पॉवर नाही. हे विनोदात घेऊ नका, आरएफचा चटका हाडापर्यंत जातो. ढग दाटले की अँटेना शॅकपासून तोडून थेट जमिनीला, तेही अर्थातच.

ऐकण्याचं गणित मात्र अगदी उलटं आहे आणि हे बऱ्याच जणांना पटत नाही. इतक्या खाली आकाशातून येणारा नॉइजच एवढा मोठा असतो की अँटेना कितीही अडाणी असली तरी रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्या वर तो येतोच, मग अँटेना मोठी करून सिग्नल आणि नॉइज दोन्ही सारखेच वाढतात, हाती काही लागत नाही. दिशा मिळाली तर लागतं. १९२१ च्या डिसेंबरमध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी अटलांटिक ओलांडून स्कॉटलंडमध्ये आर्ड्रोसनला जाऊन अमेरिकन हौशींचे सिग्नल ऐकत बसला होता तेव्हा त्याने बेव्हरेज अँटेनाच टाकली होती, जमिनीपासून थोड्याच उंचीवर लांबलचक वायर, ट्रान्समिटिंगला जवळजवळ निरुपयोगी पण एका दिशेचंच ऐकणारी. टॉप बँडवाले अजून तीच टाकतात. जागा नसेल तर फिरवता येणारी लूप, म्हणजे वायरचं कडं, कारण लूपचा खरा उपयोग हवा तो सिग्नल वाढवणं हा नाहीच, नको ती दिशा नलमध्ये, म्हणजे जिकडचं तिला जवळजवळ ऐकूच येत नाही तिथे, टाकणं हा आहे. नको ती दिशा म्हणजे बहुतेक वेळा आपलंच घर. एकदा महिनाभर लूप बदलत बसलो होतो, १३६ वर भसभस काही केल्या जाईना, शेवटी घराचा मेन स्विच पाडला, रिसीव्हर बॅटरीवर लावला आणि बँड असा शांत झाला की वाटलं रिसीव्हरच गेला. मग एकेक फ्यूज चढवत गेलो. गुन्हेगार निघाला शॅकमधल्याच टेबल लॅम्पचा एलईडी ॲडॅप्टर, ज्याच्या उजेडात मी लूपची आकडेमोड करत होतो.

कंडिशन्स कशा असतात हा पुढचा प्रश्न. टॉप बँड आणि ६३० मीटर दिवसा जवळजवळ मेलेले असतात कारण उन्हाने वातावरणात खूप वर तयार होणारा विद्युतभारित डी थर वर जाणारा सिग्नल पिऊन टाकतो, जमिनीवरून सरपटत जाईल तेवढंच. अंधार पडला की डी थर विरतो आणि दारं उघडतात. सूर्योदयाच्या आसपास कधीकधी दहा-वीस मिनिटं असा उचल मिळतो की रात्रभर न दिसलेलं स्टेशन येऊन जातं, म्हणून आम्ही लोक पहाटे जागे, बाकी काही पुण्यकर्म नाही. थंडीच्या लांब रात्री चांगल्या, कारण अंधार जास्त आणि विजांचा खडखडाट कमी. उन्हाळ्यात हजार किलोमीटरवरची वीजसुद्धा कानात कडाडते. आणि वरच्या बँडवाले सनस्पॉट, म्हणजे सूर्यावरचे डाग, वाढले की नाचतात, तेव्हा आम्ही तोंड पाडून बसतो, सूर्य जितका शांत तितकं आमचं बरं. भूचुंबकीय वादळ येऊन गेलं की पुढच्या कित्येक रात्री नुसत्या वाया. १३७ चं वागणं जरा वेगळं, तिथे डी थर सिग्नल पूर्ण पीत नाही, थोडा परतवतोही, त्यामुळे दिवसाही काही शे किलोमीटर शांत, स्थिर सिग्नल मिळतो, फेडिंग, म्हणजे सिग्नलची चढउतार, असलंच तर अगदी आळशी.

चाळीस मिलिवॅटमध्ये बोलणं होतं का? बोलणं नाहीच होत, धीर धरणं होतं. मोर्स इतका हळू पाठवायचा की एक डॉट ३० किंवा ६० सेकंदांचा, आणि तो कानाने ऐकायचा नाही तर स्क्रीनवर धबधब्यासारख्या सरकणाऱ्या चित्रात डोळ्याने वाचायचा. ६० सेकंदांच्या डॉटला नुसतं कॉल साइन पाठवायला तास लागतो. जो टेलर, ज्यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी २००८ मध्ये डब्ल्यूएसपीआर ही संगणकाने पाठवायची आणि वाचायची पद्धत आणली, आम्ही व्हिस्पर म्हणतो, त्यात जवळपास दोन मिनिटांत कॉल साइन, जागा आणि पॉवर एवढंच जातं पण सिग्नल नॉइजच्या २८ डीबी खाली, म्हणजे सहाशेपट दुबळा, असला तरी निघतो. त्यांच्याच मंडळींचा एफएसटी४डब्ल्यू त्याहून खाली जातो, तिथे एकेक पाठवणं अर्ध्या तासाचंसुद्धा असतं. मी रात्री सुरू करून झोपतो. सकाळी चहा घेता घेता बघायचं कोणी ऐकलं का, आणि बऱ्याचदा नसतं ऐकलं.

सुरुवात करायची असेल तर आधी नुसतं ऐका. एक लूप, घरातले ॲडॅप्टर बंद, आणि संध्याकाळी ३०० ते ४०० किलोहर्ट्झमध्ये विमानांना दिशा दाखवणारे जमिनीवरचे बीकन शोधा, मोर्समध्ये स्वतःची दोन-तीन अक्षरं सांगत बसलेले असतात, अंधार होत जातो तसे लांबचे उगवतात, तेवढ्यावरून रात्र कशी जाणार ते कळतं. परवाने प्रत्येक देशाचे वेगळे आहेत तेव्हा ट्रान्समिट करण्याआधी आपले नियम वाचा. आणि कॉइल गुंडाळायला घेतलीत तर वायर हिशेबापेक्षा वीस मीटर जास्त घ्या, माझ्या कॉइलला दोन सांधे आहेत आणि दोन्ही गरम होतात.