दुबईहून अबुधाबी : शेख झायेद मशिदीची एका दिवसाची सहल

दुबईत कुठल्याही ट्रॅव्हल एजंटकडे ‘अबुधाबी सिटी टूर’ मागितली की सात-आठ ठिकाणांची यादी हातात पडते. त्यातली निम्मी बसच्या काचेतूनच दिसतात. ठिकाणं मोजत बसू नका. मशिदीसाठी किती वेळ देणार, एवढंच विचारा, आणि ‘एक तास’ म्हणाले तर दुसरा एजंट गाठा. दोन तास तरी हवेतच.

अंतर साधारण १४० किलोमीटर, रस्ता झकास, दीड तासात बस पोचते. वेळ खातो तो देरा, बर दुबईतल्या हॉटेलांवरून माणसं गोळा करण्यात.

मशिदीत प्रवेश फुकट आहे, पण अधिकृत संकेतस्थळावर तारीख आणि वेळ निवडून आधी नोंदणी करावी लागते. मग क्यूआर कोड येतो. काही टूरवाले हे काम स्वतः करतात, काही बसमध्ये बसल्यावर ‘आता मोबाईल काढा’ म्हणतात आणि मग नेट नसलेल्यांची धावपळ उडते. कोड आदल्या रात्रीच मागून घ्या. शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या नमाजाच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून शक्यतो तो वार टाळा.

सर्वांत जास्त माणसं अडकतात ती कपड्यांवर. बायकांना डोकं, हात मनगटापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत झाकलेले हवेत. कपडा सैल हवा, आरपार दिसणारा नको. साडी नेसून आलेल्या काकू-मावश्यांना इथेच थांबवतात, कारण ब्लाउजच्या बाह्या तोकड्या आणि कंबर उघडी. लांब बाह्यांचा पंजाबी ड्रेस, सैल सलवार आणि जाडसर सुती ओढणी हे सगळ्यांत सोपं. लेगिंग्ज, झिरझिरीत शिफॉनची ओढणी चालत नाही. पुरुषांनी हाफ पँट किंवा थ्री-फोर्थ घालू नये. कपडे नाकारले गेलेच, तर खालच्या बाजारात अबाया (सैल पायघोळ झगा) मिळतो; मात्र पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

पर्यटकांचा रस्ता जमिनीखालच्या ‘सूक अल जामी’ या बाजारातून जातो. कोड दाखवणं, सामानाची तपासणी, मग लांबलचक भुयारी वाट. एक तासाच्या थांब्याचं वाटोळं होतं ते इथे. गुडघे दुखणारं कुणी सोबत असेल तर बॅटरीच्या गाडीची चौकशी सुरुवातीलाच करा.

वर आलं की समोर पांढरंशुभ्र अंगण. संगमरवरात रंगीत दगडांच्या फुलवेली जडवलेल्या. क्षेत्रफळ १७,००० चौरस मीटरच्या वर. त्यावरून चालायचं नसतं, कडेच्या ओवऱ्यांतून बघत पुढे जायचं. गाइड इथे ८२ घुमट आणि शंभर मीटरहून उंच चार मिनारांचे आकडे सांगत असतो, तेव्हा तुम्ही जवळच्या खांबाकडे बघा. ओवरीतल्या खांबांची संख्या हजारावर आहे. पांढऱ्या दगडात चढत्या वेली कोरून त्यांत रंगीत अर्धमौल्यवान खडे बसवलेत, आणि माथ्याला खजुराच्या शेंड्यासारखा सोनेरी गुच्छ. बांधकामात आपल्या राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवरही आहे, ताजमहालाचा तोच.

मुख्य दालनात सगळे माना वर करतात, कारण डोक्यावरचं झुंबर दहा मीटर व्यासाचं, सुमारे बारा टनांचं, जर्मनीत बनलेलं. पण खरं बघावं ते खाली. इराणात हाताने विणलेला ५,६२७ चौरस मीटरचा गालिचा, बाराशेच्या आसपास विणकरांचं काम. तुकड्यांत आणून जागेवर जोडलेला असूनही सांधा शोधून सापडत नाही. नीट पाहिलं तर त्यात किंचित उठाव दिलेल्या रेघा दिसतात. नमाजाच्या रांगा सरळ लागाव्यात म्हणून.

फोटो मनसोक्त काढा, पण मिठ्या मारणं, बोटांच्या खुणा, नाचाच्या पोझ केल्या तर पहारेकरी लगेच हटकतात. इमारतीबाहेर शेख झायेद यांची, म्हणजे अमिरातीच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांची, कबर आहे. २००४ साली, मशीद पूर्ण व्हायच्या आधीच ते गेले. कबरीचे फोटो काढू नयेत.

आमचं मत विचाराल तर सकाळची टूर नकोच. दुपारी निघणारी घ्या, म्हणजे ऊन असताना अंगण आणि अंधार पडल्यावर रोषणाई, दोन्ही पदरात पडतं. ही रोषणाई चंद्रकलेप्रमाणे बदलते: पौर्णिमेला लख्ख पांढरी, अमावास्येकडे निळसर गडद. मशिदीसमोरच्या ‘वाहत अल करामा’ या हुतात्मा स्मारकातल्या उथळ पाण्यात तिचं प्रतिबिंब फार सुरेख दिसतं, पण बहुतेक बस तिथे थांबत नाहीत. ड्रायव्हरला आधीच गळ घालून ठेवा.

हल्ली भारतीयांसाठीच्या टूरमध्ये २०२४ साली खुलं झालेलं बीएपीएस (स्वामीनारायण) मंदिरही जोडतात. ते सोमवारी बंद असतं, तेव्हा वार बघूनच पैसे भरा. स्वतःच्या स्वतः जायचं असेल तर दुबईतल्या इब्न बतुता मेट्रो स्थानकाजवळून ई१०१ बस आहे, नोल कार्डात (दुबईच्या मेट्रो-बसचं प्रवास कार्ड) पुरेसे पैसे हवेत. बस मात्र थेट अबुधाबीच्या बसस्थानकात नेते. तिथून मशिदीसाठी टॅक्सीने उलटं यावं लागतं.