समुद्राचं विरजण

आमच्या माहीमच्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन इमारतींच्या फटीत, वीतभर समुद्र दिसतो. चालत गेलं तर सात मिनिटं. आणि तरी गेल्या जानेवारीत मी समुद्र विकत आणला. प्लॅस्टिकच्या बादलीत, पांढऱ्या पुडीच्या रूपात.

सासूबाईंनी झाकण उघडलं, चिमूटभर पूड जिभेवर ठेवली आणि निकाल दिला, "ह्या तर मीठच."

मीठच, पण जेवणातलं नव्हे, समुद्री मासे पाळायच्या टाकीसाठीचं. त्यात कॅल्शियम आहे, मॅग्नेशियम आहे, समुद्रात जे जे असतं ते जवळपास त्याच प्रमाणात. एक लिटर पाण्याला साधारण 35 ग्रॅम क्षार. त्यासाठी पाणीही नळाचं चालत नाही. आधी फिल्टरमधून काढून त्यातलं सगळं काढून टाकायचं, मीटरवर शून्य दिसेपर्यंत, आणि मग त्या कोऱ्या पाण्यात पुन्हा सगळं घालायचं. हा द्राविडी प्राणायाम कशाला, समोरचा समुद्र हंड्याने आणायचा की, असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. समोरच्या समुद्राला मिठी नदी येऊन मिळते. नावातला गोडवा सोडला तर ती काय काय घेऊन येते ते माहीमकरांना नाकाने कळतं.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी, वाळू, दगड धरून वजन दोनशे किलोंच्या पुढे जातं, म्हणून ती तुळईला लागून ठेवली. दगड चिनी मातीचे, भाजलेले. एका दुकानदाराने आवाज खाली आणून "असली माल" दाखवू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. माझ्या लहानपणी मात्र बहुतेक घरांच्या शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी, पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा असायचाच. आम्ही त्यावरची धूळ पुसायचो. तो कधीकाळी जिवंत होता हे कुणी सांगितलं नाही, आणि मालवणच्या पाण्यात तो आजही जिवंत आहे हे तर मला लग्नानंतर, नाकातोंडात पाणी गेल्यावर, कळलं.

तर टाकी भरली, पाणी गार ठेवणारा पंखा सुरू झाला, लाटा करणारा पंप घुमू लागला. पाणी असं स्वच्छ की टाकीत पाणी आहे हेच दिसेना. आणि अशा पाण्यात मासा सोडला तर तो मरतो. माशाच्या कल्ल्यांतून विषारी अमोनिया बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजून आणखी होतो, आणि नव्या टाकीत तो खाणारं कुणी नसतं. खाणारे जिवाणू असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट, जे माशांना फारसं बाधत नाही. हे जिवाणू उजेडावर जगत नाहीत आणि आपल्यासारखे जेवतही नाहीत, अमोनिया जाळून त्यावर संसार करतात. विनोग्राद्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने हे 1890 च्या सुमारास दाखवून दिलं. हे भाडेकरू राहायला येईपर्यंत थांबायचं, याला या छंदातले लोक सायकल म्हणतात. मी विरजण म्हणते. फरक इतकाच की दह्याचे जिवाणू एका रात्रीत काम उरकतात, यांना नुसतं दुप्पट व्हायला पंधरा-वीस तास, कधी दिवसही लागतो.

पण भाडेकरू यायचे तर घरात खायला काहीतरी हवं. जुनी रीत अशी की एक कच्ची कोळंबी टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची. ती मी सासूबाई दुपारच्या झोपेत असताना टाकली. पण मालवणात वाढलेल्या माणसाला घरातली कोळंबी मोजून माहीत असते.

"सुंगटा खावची असतत गो, कुजवची नसतत."

तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. चौथ्या दिवशी वास. पाचव्या दिवशी काकू काहीतरी मागायला आल्या आणि काहीच न मागता गेल्या. मी रोज रात्री काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकत बसायची. अमोनिया असला की पिवळं पाणी हिरवं होतं, नायट्राइट असलं की निळ्याचं जांभळं. दोन आठवडे नळी गडद हिरवी, आणि पुढे ढिम्म काही नाही.

शेवटी ठाण्याच्या एका मैत्रिणीने तिच्या जुन्या टाकीतला स्पंजचा तुकडा दिला. जिवाणू पाण्यात फारसे नसतातच, वाळूला, दगडाला, स्पंजाला चिकटून असतात, त्यामुळे असा मुरलेला तुकडा म्हणजे शेजारणीकडून आणलेलं वाटीभर विरजणच. स्टीलच्या डब्यात, खाऱ्या पाण्यात बुडवून, तो मी लोकलने आणला. दर दहा मिनिटांनी झाकण किलकिलं करून त्याला हवा द्यायची. समोरच्या बाईंनी न राहवून विचारलं, "कालवण सांडतंय का?" मी हो म्हटलं. खरं सांगायला दादरपर्यंतचा वेळ पुरला नसता.

त्यानंतर आठवड्याभरात हिरवं फिकट होत गेलं आणि जांभळं चढलं. महिना उलटून गेल्यावर एका रात्री दोन्ही नळ्या जशा हव्या तशा, एक पिवळी, एक निळी. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं. नवऱ्याने नळीकडे बघितलं, टाकीकडे बघितलं, "मासे कुठे आहेत?" म्हणाला आणि परत झोपला.

मासे नव्हते, पण ती टाकी तेव्हा मला फार आवडायची. मधेच वाळूवर गेरूने सारवल्यासारखा तपकिरी थर आला, तोही आपसूक गेला. उन्हाळा लागला तसं पंख्याच्या वाऱ्याने रोज दीड-दोन लिटर पाणी उडू लागलं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. हे वाचलेलं असूनही मी आठवडाभर भर घातली ती खाऱ्या पाण्याची! क्षार लिटरमागे 39 ग्रॅमवर गेले तेव्हा जीभ चावली. आता गोडं पाणी घालण्याचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलंय. काचेवर मी मार्करने रेघ मारली आहे, पण त्या रेघ बघत नाहीत, बोट बुडवून चव घेतात. एकदा त्या म्हणाल्या खारट झालंय, मी मोजलं, तर 36. मी काही बोलले नाही.

एप्रिलमध्ये क्लाउनफिश जातीचे दोन मासे आणले, हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात जन्मलेले, नखाएवढे. हे सगळे आधी नर असतात, पुढे जो दांडगा होईल त्याची मादी होते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. पहिल्या रात्री दोघे थर्मामीटरच्या मागे, कोपऱ्यात, काचेला तोंड लावून थरथरत राहिले. सासूबाईंनी खुर्ची ओढून टाकीसमोर घेतली, चष्मा लावला आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसल्या.

"ह्यांका खातत काय?"

"नाही हो, आई."

"मगे ऱ्हवांदेत."